कोटासकट

इंदिरानं दोरा दातानं तोडला, कोट उलटा केला आणि शिवण अंगठ्यानं दाबून पाहिली. काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंनी बोटभर कापड आत घेतलं होतं. मागच्या बुधवारी एवढंच घेतलं होतं, त्याच्या आधी थोडं कमी. अस्तराच्या आत आता चुणीवर चुणी बसली होती, पण बाहेरून कोट मापानं शिवल्यासारखा दिसत होता. तिला तेवढंच हवं होतं.

दौलतराव दारात सदरा-धोतरात उभे होते.

"झालं का, सूनबाई?"

"झालं, मामासाहेब. इथंच घालून बघता का?"

"आत घालतो."

कोट घेऊन ते आतल्या खोलीत गेले आणि कडी लागली. कपडे करायला त्यांना हल्ली फार वेळ लागे, पण मदत चालत नसे. कोट होळकर सरकारच्या फौजेत जमादार असताना दसऱ्याच्या दरबारासाठी शिवलेला. बंद गळ्याचा, जाड लोकरीचा, पितळी बटणांचा. पुढं संस्थान गेलं, फौज मोडली, आणि दौलतरावांनी नोकरीची उरलेली वर्षं कोषागाराच्या दारावर पहारा करत काढली. कोट मात्र ट्रंकेत कापूर घालून जपलेला राहिला. मोठ्या माणसासमोर जायचं तर अंगावर पुरते कपडे हवेत, ही त्यांच्या घरातली रीत. आता त्यांच्या आयुष्यात मोठा माणूस एकच उरला होता, दर बुधवारी भेटणारे डॉक्टर सप्रे.

स्वयंपाकघरातून कामाला येणाऱ्या गंगूबाईनं हाक मारली. जिरं कुटायचं होतं आणि खलात बत्ता नव्हता. बत्ता नाहीसा होऊन बरेच दिवस झाले होते. इंदिरानं भांड्यांचं फडताळ दोनदा उपसलं होतं. लोखंडी वस्तू, भंगारात सहज खपणारी. तिनं तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण गंगूबाईला ते ऐकू गेल्यासारखं होतं.

"माझ्याकडे काय बघता, बहूजी? मी काय त्याचं अचार घालणार?"

"मी काही म्हटलं का?"

"म्हणत नाही तेच तर." गंगूबाईनं वरवंटा ओढला आणि जिरं पाट्यावर घातलं.

आतली कडी निघाली. दौलतराव फेटा बांधून, कोट घालून बाहेर आले. इंदिरानं सवयीनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. डावी बाजू किंचित खाली ओढल्यासारखी दिसत होती. टाका तिरका गेला असणार. पुढच्या वेळी नीट करू, असं मनाशी म्हणत तिनं पाळण्यातून मुलीला उचललं.

गल्लीच्या तोंडाशी तुकोजीचा टांगा उभा होता.

"वा सरकार, आज तर एकदम बारात निघाली."

"नवरदेव म्हातारा आहे," दौलतराव म्हणाले, "घोडी सांभाळून हाक."

टांग्यात चढताना त्यांनी इंदिराचा हात धरला नाही. लोखंडी दांडी धरली, तिथंच थोडे थांबले, आणि मग चढले. मुलगी त्यांच्या बटणांकडे झेपावली तसा त्यांनी एक हात छातीशी आडवा धरला. "बाईसाहेब, दमानं." मुलीचं नाव लक्ष्मी. ते तिच्या आजीचं. बायकोचं नाव दौलतरावांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, नातीसाठीही त्यांची जीभ वळेना. म्हणून बाईसाहेब.

*

दौलतरावांचं पोट उघडलं तेव्हा आश्विन होता. कावीळ हटत नव्हती म्हणून उघडलं, तर स्वादुपिंडात गाठ निघाली, आणि तिथून यकृतापर्यंत पसरलेलं. सर्जननी पित्ताला वाट करून दिली आणि पोट शिवलं. इंदिराचे यजमान जयसिंगराव भिलाईच्या कारखान्यातून रजा काढून आले होते. त्यांना आणि इंदिराला डॉक्टर सप्र्यांनी बाजूला घेतलं. ते एक नवं इंजेक्शन तपासून पाहत होते. येणाऱ्या पेशंटांपैकी अर्ध्यांना ते मिळणार, अर्ध्यांना नेहमीचीच औषधं. कुणाला काय, हे डॉक्टरांच्या हातात नव्हतं, टेबलावर बंद पाकिटं होती. जयसिंगरावांनी पाकीट उचललं, फोडण्याआधी कपाळाला लावलं. आत इंजेक्शन निघालं.

दौलतरावांना सांगितलं, ताकदीचं इंजेक्शन आहे. त्यांनी मान डोलावली, दुसरं काही विचारलं नाही. जयसिंगराव भिलाईला परतले. जुनी इंदूरच्या त्या दोन खोल्यांत इंदिरा, मुलगी आणि सासरे राहिले.

अट एकच होती. वॉर्डात, दवाखान्याच्या पातळ कपड्यांत घेतलेलं पहिलं वजन पन्नास किलो. ते दहाव्या हिश्शानं उतरलं की इंजेक्शन बंद. मग शरीराला औषध झेपत नाही असं धरायचं. पंचेचाळीस हा आकडा इंदिराच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला होता. ती बी.ए. झालेली, होम सायन्स घेतलेलं, त्यामुळे कशात किती ताकद असते ते तिला ठाऊक. दुधात साखर, वरणात तूप, पेजेत अंड्याचा बलक गुपचूप. दौलतराव तिच्यादेखत सगळं संपवत. पहाटे मोरीतला नळ सोडल्याचा आवाज येई आणि बराच वेळ येत राही. नळाखाली दुसरा एक आवाज असे. मुलीच्या अंगावर हात ठेवून ती तो ऐके, आणि सकाळी दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

पहिल्या बुधवारी ते सदऱ्यावर गेले होते, आणि काटा दीड किलोनं खाली आला होता. पुढच्या बुधवारपासून थंडी सुरू झाली म्हणून कोट निघाला. तेव्हापासून वजन अठ्ठेचाळीसवर येऊन थांबलं होतं.

*

दवाखान्यातल्या बाकावर मीराबाई आधीच बसल्या होत्या. शेजारी त्यांची आई, भीमाबाई, शालीत गुंडाळलेली. या महूच्या. भीमाबाईंचे यजमान पलटणीत होते, मीराबाई तिथल्याच शाळेत शिकवत. त्यांच्या पाकिटातही इंजेक्शनच निघालं होतं. सुरुवातीला बाकावर आणखी दोन घरं होती. एकाचं इंजेक्शन बंद झालं, दुसरं नुसतंच यायचं थांबलं.

"आईच्या तोंडात छाले पडलेत," मीराबाई म्हणाल्या. "कालपासून पाणीपण नाही उतरत. पण करणार काय, ताई. दवाई आहे, लागणारच." मग दौलतरावांकडे पाहून हळूच म्हणाल्या, "तुमच्या बाबांना बघितलं ना, की हिंमत येते. कसे कडक बसलेत."

दौलतराव खरोखरच कडक बसले होते, पाठ भिंतीला न टेकवता.

आत सिस्टरनं अदबीनं त्यांना काट्यावर उभं केलं. त्यांच्यासारख्या माणसाला कपडे उतरवा म्हणणं तिला कधी सुचलं नसावं. जोडे ते स्वतःच दाराबाहेर काढून येत. सुई हलली, डुलली, अठ्ठेचाळीसवर थांबली. डॉक्टर सप्रे उठून स्वतः पाहायला आले.

"दौलतराव, तुम्ही माझी लाज राखलीत."

नंतर ते इंदिराशी इंग्रजी मिसळून बोलले. बाकीच्यांची वजनं उतरताहेत, पण हा पेशंट औषध पचवतोय. म्हणजे दोष औषधाचा नसावा, कदाचित आपणच घाबरत कमी देतोय. पुढच्या बुधवारपासून डोस दीडपट करायचा, यांचाही आणि त्या महूच्या बाईंचाही. हे सांगताना त्यांचा चेहरा तरुण दिसत होता. इंदिरा हसली. बाहेर आल्यावर मीराबाईंना आत बोलावलं गेलं. त्या परतल्या तेव्हा त्याही हसत होत्या, आणि पदरानं आईच्या ओठांच्या कडा टिपत होत्या.

बुधवार मुलीच्याही वजनाचा. त्याच आवारात, लिंबाच्या पलीकडे, बाळांचं केंद्र होतं. दौलतराव टांग्यात थांबले. तिथली नर्स कुणाचीच भीड ठेवत नसे. झबलं काढा, टोपडं काढा, लंगोट काढा. इंदिरानं मुलीला पारड्यात ठेवलं आणि नेहमीप्रमाणे श्वास रोखला. आकडा चांगला आला.

"वाळे राहिले ना," नर्स म्हणाली. "चांदीचे वाळे घालून वजन करायचं असेल तर सराफ्यात जा."

इंदिरानं वाळे काढले. सुई थोडी मागे सरली. थोडीच, पण सरली.

वाळे मुठीत धरून ती उभी राहिली. खिडकीतून टांगा दिसत होता. टांग्यात दौलतराव, गळ्यापर्यंत बटणं लावलेले.

*

तो आठवडा तिनं कुणाशीच काही न बोलता काढला. बोलायला होतंच कोण. भिलाईहून पत्र आलं. वजन टिकलंय वाचून जीव भांड्यात पडला, जयसिंगरावांनी लिहिलं होतं, तू आहेस म्हणून मी इथे निश्चिंत आहे. तिनं पत्र घडी करून बरणीखाली ठेवलं.

शनिवारी दौलतराव झोपलेले पाहून तिनं ट्रंकेवरचा कोट उचलला, मुलीला गंगूबाईकडे दिलं आणि कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे गेली. कोट काट्यावर ठेवताना तिला आपलीच लाज वाटली.

"बेचना है क्या, भाभीजी? बटण पितळेचेच आहेत ना?"

"नुसतं वजन करा, भिया."

दोन किलो. रद्दीवाल्यानं पुन्हा करून दाखवलं. वाटेनं ती हिशेब करत आली. अठ्ठेचाळीसातून दोन गेले, शेचाळीस. शेचाळीस म्हणजे पंचेचाळीसच्या वरच. कोट काढला तरी इंजेक्शन बंद होणार नाही. फक्त डोस वाढणार नाही, यांचा नाही आणि भीमाबाईंचाही नाही. तिनं तो हिशेब तीनदा करून पाहिला. त्यात कुठेच कुणाचं नुकसान होत नव्हतं.

कोट तिनं होता तसाच ट्रंकेवर ठेवला.

बुधवारी दौलतराव आत कपडे करून आले. या वेळी टाके घालायचं तिनं काहीतरी कारण काढून टाळलं होतं. तरी डावी बाजू खाली ओढलेलीच होती. टांग्यात ती मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली आणि तोंडात वाक्य जुळवत राहिली.

आत गेल्यावर ते एकदम तोंडून निघालं.

"सिस्टर, आज कोट काढून वजन घ्या."

सिस्टरनं दौलतरावांकडे पाहिलं. दौलतरावांनी इंदिराकडे.

"थंडी आहे, सूनबाई."

"शेगडी आहे इथे, मामासाहेब. थोडा वेळच."

मग त्यांनी स्वतःच बटणं काढायला घेतली, वरून खाली, एकेक. सिस्टर पुढे झाली, पण कोट त्यांनी तिच्या हाती दिला नाही. नीट घडी घातली आणि दोन्ही हातांनी इंदिराच्या हातांवर ठेवला. सदऱ्याच्या आत त्यांचे खांदे एखाद्या मुलाचे असावेत तसे दिसत होते.

ते काट्यावर चढले. सुई शेचाळीसपाशी न थांबता खाली आली. पंचेचाळीसपाशीही थांबली नाही. साडेचव्वेचाळीसवर डुलत राहिली.

इंदिराला वाटलं, रद्दीवाल्याचा काटा खोटा. मग वाटलं, हा खोटा. कोट तिच्या हातांवर होता. शनिवारी हाच कोट ती कोपऱ्यापर्यंत एका हातावर टाकून घेऊन गेली होती. आज तिला दुसरा हात खाली लावावा लागला. डावीकडच्या आतल्या खिशात काहीतरी उभं होतं. तिनं कापडावरून बोटं फिरवली. गुळगुळीत, लांबट, खाली जाड आणि वर मुठीएवढं. लग्न होऊन आल्यापासून जे रोज हातात होतं, ते ओळखायला तिला खिशात हात घालावा लागला नाही.

दौलतराव सुईकडे पाहत नव्हते. तिच्याकडे पाहत होते.

डॉक्टर सप्रे आले. त्यांनी आकडा पाहिला, सिस्टरकडे पाहिलं, मग इंदिराच्या हातातल्या कोटाकडे.

"आजवर कोटावर होतं?"

"पहिला बुधवार सोडला तर," इंदिरा म्हणाली. कोट तिनं छातीशी धरला होता. "कोटावरच."

डॉक्टर खुर्चीत बसले. पेन उघडून त्यांनी पुन्हा बंद केलं. रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. शेवटी म्हणाले, आता यांना पुढं देता येणार नाही, पोटदुखीची औषधं देतो, ती चालू ठेवा. महूच्या बाईंचाही डोस वाढवत नाही, उलट थोडा उतरवून पाहू. मग एकदम वर पाहून विचारलं, "बाकी कुणाच्या अंगावर काय असायचं, सिस्टर?" सिस्टरला आठवेना.

बाहेर मीराबाई उठून उभ्या राहिल्या. इंदिरानं त्यांना होतं तसं सांगितलं. खिशातलं तेवढं सोडून. मीराबाईंनी ऐकून घेतलं. भीमाबाईंच्या अंगावरची शाल होतीच नीट, ती पुन्हा नीट केली.

"तुमचं वजन चुकलं, तर आमची दवाई का कमी, ताई?"

इंदिराकडे उत्तर होतं. गेल्या आठवड्यापासून होतं. भीमाबाईंच्या फाटलेल्या ओठांकडे पाहून ते सांगताही आलं असतं. पण मीराबाई तोवर दुसरीकडे पाहू लागल्या होत्या, आणि इंदिरा बसली तेव्हा बाकावर दोघींच्या मध्ये पुष्कळ जागा राहिली.

*

त्या दिवशी मुलीचं वजन केलंच नाही. टांगा नदीवरच्या पुलावर आला. कोट इंदिराच्या मांडीवर होता आणि त्यावर मुलगी झोपली होती. दौलतरावांनी इंदिराची शाल पांघरली होती. तुकोजी घोडीशीच काहीतरी बोलत राहिला.

"पहिल्या बुधवारी सुई खाली आली ना," दौलतराव समोर पाहत म्हणाले, "तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून बाईसाहेबांना पाजायला बसलीस."

इंदिरानं झोपलेल्या मुलीचं टोपडं सारखं केलं.

"तिला भूक नव्हती," ते म्हणाले.

पुलाखाली परटांनी धोतरं वाळत घातली होती. ती संपेपर्यंत दोघं तिकडे पाहत राहिले.

"जयसिंगला काय लिहायचं ते लिही," ते म्हणाले. "खरं लिहिलंस तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी बत्ता खलात होता. गंगूबाईनं तो उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि दारात येऊन उभी राहिली.

"मिळाला वाटतं."

"हो," इंदिरा म्हणाली. "माझ्याकडूनच पडला होता. फडताळाच्या मागे."

गंगूबाईनं एवढंच म्हटलं, "बघा," आणि जिरं कुटायला घेतलं. तो आवाज घरात बऱ्याच दिवसांनी होत होता. मुलगी दचकली, मग ऐकत राहिली. आतल्या खोलीतून दौलतरावांनी पाणी मागितलं. आज पहाटे नळ सोडल्याचा आवाज आला नव्हता, हे तिला तेव्हा जाणवलं. इंजेक्शन नव्हतं म्हणून की लपवायचं उरलं नव्हतं म्हणून, हे तिला ठरवता येईना.

पुढच्या बुधवारी कुणी न सांगता तुकोजीचा टांगा गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. इंदिरा त्याला परत पाठवायला निघाली, तर मागून दौलतराव आले. सदरा, धोतर आणि वर तिचीच शाल. फेटा नव्हता. फेट्याशिवाय त्यांना तिनं रस्त्यावर कधी पाहिलं नव्हतं.

"बाईसाहेबांचं मागच्या खेपेचं राहिलंय ना?"

या वेळी टांग्यात चढताना त्यांनी तिचा हात धरला. तो हात किती हलका होता ते तिला पहिल्यांदाच कळलं.

केंद्रात ते भिंतीशी स्टुलावर बसले. बायकांच्या त्या गर्दीत एकटेच पुरुष. नर्सनं भुवया उंचावल्या. इंदिरानं झबलं काढलं, टोपडं काढलं. मुलीला पारड्यात ठेवायला ती वाकली, इतक्यात दौलतराव उठून जवळ आले. त्यांनी मुलीच्या पायातला एक वाळा सोडवला, मग दुसरा, आणि दोन्ही मुठीत घट्ट धरले.

"आता ठेव," ते म्हणाले.

सुई हलली. दोघंही तिच्याकडे पाहत राहिले.